बिघडलेल्या सोलरचे पैसे परत मिळाले, तर ते उत्पन्न ठरते का?

महाड-पोलादपूरचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. छतावर बसवलेल्या कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा तोच घेतो. वीर, दासगाव, करंजाडीच्या पट्ट्यात जून लागला की छतावर चढणेही जिकिरीचे होते. याच दिवसांत पॅनलच्या वायरींच्या जोडांत पाणी शिरते, स्ट्रक्चरच्या नटबोल्टांना गंज धरतो, काचेच्या कडेला शेवाळ चढते. पावसाच्या आधी आणि नंतर विजांचा कडकडाट असतो, तेव्हा अर्थिंग नीट नसेल तर इन्व्हर्टर एका रात्रीत मान टाकतो. घरमालकाला मात्र हे लगेच कळत नाही. पावसाळ्यात वीज कमीच तयार होणार, असे तो धरून चालतो. दिवाळीच्या सुमारास स्वच्छ ऊन पडूनही लाईटबिल पूर्वीइतकेच आले, की मग शंका येते.

त्यानंतरचा प्रवास ठरलेला असतो. बसवून देणाऱ्याला फोन, 'माणूस पाठवतो' असे उत्तर, कंपनीला मेल, फोटो, पुन्हा फोन. कधी नवा इन्व्हर्टर मिळतो, कधी सदोष पॅनलची किंमत परत मिळते, आणि प्रकरण ताणले तर ग्राहक आयोगाच्या आदेशाने मूळ रक्कम, व्याज, मनस्तापाची भरपाई असे सगळे मिळून लाख-दोन लाख रुपये खात्यात येतात. बँकेचा मेसेज येतो आणि घरात प्रश्न निघतो, की एवढी रक्कम आली आहे, तर ती आयकरात दाखवायची का?

घरगुती वापराच्या सोलरसाठी उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे आहे. पण खात्यात आलेल्या एकाच रकमेत दोन-तीन वेगळ्या जातीचे पैसे असू शकतात, आणि त्यातल्या एखाद्यावर कर लागू शकतो. म्हणून कर का लागत नाही आणि कुठे लागतो, हे नीट पाहायला हवे.

समजा, वीरमधल्या एका घरावर तीन किलोवॉटचा संच बसवायला दोन लाख रुपये लागले. वर्षभरात निम्मी पॅनल सदोष निघाली आणि विक्रेत्याने त्यांचे सत्तर हजार परत केले. घरमालकाचे दोन लाख गेले होते, त्यातले सत्तर हजार परत आले. तो श्रीमंत झालेला नाही. त्याला संच एक लाख तीस हजारांना पडला, इतकेच. महाडच्या बाजारातून आणलेला मिक्सर बिघडला म्हणून दुकानदाराने पैसे परत दिले, तर ते कोणी पगाराच्या रकमेत मिळवत नाही. रकमेत शून्ये वाढली म्हणून त्या व्यवहाराचा स्वभाव बदलत नाही. आयकर उत्पन्नावर लागतो, आणि स्वतःचीच रक्कम परत येणे हे उत्पन्न नव्हे.

यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचे. भारतात राहत्या घरावर सोलर बसवणाऱ्याला त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. पगारदार असो, पेन्शनर असो वा मुंबईहून पैसे पाठवणारा चाकरमानी, छतावरच्या पॅनलचे दोन लाख कोणीही आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा केलेले नसतात. म्हणजे ते पैसे कर भरून उरलेले पैसे होते. तेच परत आले तर सरकारचे काही बुडालेले नसते. उलट, ज्याने आधी तो खर्च दाखवून कर वाचवला, त्याला पैसे परत मिळाल्यावर हिशेब द्यावा लागतो. घरगुती आणि व्यावसायिक सोलरमधला सगळा फरक इथून सुरू होतो.

भरपाई ही मिळकत आहे की नुकसानाची भर, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे सोलरच्या कितीतरी आधी आला. त्यातल्या सर्वांत उपयोगी खटल्याची एक बाजू महाराष्ट्रातली आहे. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातच्या सौराष्ट्र सिमेंट कंपनीने वालचंदनगर इंडस्ट्रीजकडे सिमेंटच्या नव्या यंत्रसामग्रीची मागणी नोंदवली. किंमत ठरली एक कोटी सत्तर लाख. यंत्रे वेळेवर आली नाहीत तर दर महिन्याच्या उशिराला उशिरा आलेल्या यंत्रांच्या किमतीच्या अर्धा टक्का भरपाई, आणि एकूण किमतीच्या जास्तीत जास्त पाच टक्के, अशी अट करारात होती. यंत्रे उशिरा आली. करारानुसार साडेआठ लाख रुपये सौराष्ट्र सिमेंटला मिळाले.

आयकर खात्याचे म्हणणे होते की हे साडेआठ लाख कंपनीचे उत्पन्न आहे. वेळेवर यंत्रे मिळाली असती तर कंपनीने सिमेंट विकून नफा कमावला असता. तो नफा बुडाला म्हणून हे पैसे मिळाले. मग नफ्यासारखाच त्यावर कर का नको? वरवर पाहता हा युक्तिवाद खरा वाटतो. वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०१० च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने पाहिले ते हे, की भरपाई कशाला चिकटलेली आहे. ती यंत्राच्या किमतीवर मोजलेली होती, यंत्र मिळवण्याच्या व्यवहारातून आली होती. रोजच्या धंद्यातल्या विक्रीतून आलेली नव्हती. उत्पन्न देणारे साधन उभे राहायला उशीर झाला त्याची ती भरपाई, म्हणून ती भांडवली स्वरूपाची जमा आणि उत्पन्नाच्या बाहेर.

वीरच्या घरमालकाला हा निकाल दोन ठिकाणी उपयोगी पडतो. पहिले म्हणजे, सिमेंट कंपनीसारख्या नफ्यासाठीच चालणाऱ्या संस्थेला जर यंत्राबद्दलची भरपाई करमुक्त मिळते, तर स्वतःच्या घरातले पंखे-दिवे चालवण्यासाठी पॅनल बसवणाऱ्याचा हक्क त्याहून भक्कम आहे. दुसरे, 'वीज तयार झाली नाही' या नावाखाली मिळालेल्या रकमेचा प्रश्न यातून सुटतो. महाराष्ट्रात चांगल्या उन्हात एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरतात. तीन किलोवॉटचा संच सहा महिने बंद राहिला, त्या काळात महावितरणचे बिल भरावे लागले आणि विक्रेत्याने ते भरून दिले, तर घरमालकाचा नफा झाला का? त्याची बचत बुडाली होती, ती भरून निघाली. बचत हे उत्पन्न नव्हते, म्हणून तिच्या जागी आलेले पैसेही उत्पन्न नाहीत.

पैशांऐवजी वस्तू बदलून मिळाली तर प्रश्नच उरत नाही. वॉरंटीत आलेला नवा इन्व्हर्टर जुन्याहून महाग असला तरी त्यावर घरगुती ग्राहकाला कर नाही. मोबदल्याशिवाय मिळालेल्या मालमत्तेवर कर लावणाऱ्या तरतुदीत जमीन, घर, समभाग, दागिने, चित्रे-शिल्पे अशी ठरावीक यादी आहे, आणि इन्व्हर्टर किंवा पॅनल त्या यादीत बसत नाही.

याच तरतुदीचा दुसरा भाग मात्र सांभाळण्यासारखा आहे. नातेवाईक नसलेल्या कोणाकडून मोबदल्याशिवाय वर्षाला पन्नास हजारांहून जास्त रक्कम मिळाली, तर ती सगळीच्या सगळी उत्पन्नात धरली जाते. परतावा हा मोबदल्याशिवाय मिळालेला पैसा नाही. त्यासाठी आधी किंमत मोजलेली असते आणि भरपाई घेताना ग्राहक आपला दावा सोडून देत असतो. पण अनेक कंपन्या चूक कबूल करायची नसते म्हणून पत्रात 'सद्भावनेपोटी', 'सानुग्रह' असे शब्द घालतात. ग्राहकही पैसे मिळताहेत या आनंदात सही करतो. पुढे कधी चौकशी झाली तर तेच पत्र त्याच्या विरुद्ध वाचले जाऊ शकते. म्हणून सही करण्याआधी एवढे मागावे, की पत्रात मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख असावी, कोणती वस्तू सदोष होती ते असावे, आणि किती रक्कम किमतीचा परतावा, किती नुकसानभरपाई, किती व्याज, हे वेगवेगळे लिहावे. ही मागणी वाजवी आहे. ती नाकारणाऱ्या विक्रेत्याशी घाईने तडजोड करू नये.

व्याज वेगळे लिहायला सांगण्याचे कारण असे, की या सगळ्या प्रकरणात कराचा खरा वाद तिथेच आहे. ग्राहक आयोग रक्कम परत करायला सांगताना बहुधा व्याजासह द्यायला सांगतात. आयकर खात्याची सर्वसाधारण भूमिका अशी, की मूळ रक्कम करमुक्त असली तरी तिच्यावरचे व्याज हे इतर मार्गांचे उत्पन्न आहे. काही न्यायालयांनी वेगळा विचार केला आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००२ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात आणि हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथल्या गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात असे मानले, की घर वेळेवर न देणाऱ्या संस्थेने ग्राहकाला दिलेले 'व्याज' हे नावापुरते व्याज आहे. ती खरी म्हणजे भरपाई मोजण्याची रीत आहे, त्यामुळे त्यातून व्याजासारखा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईबद्दल असाच निर्णय दिला, की निवाडा होईपर्यंतच्या काळासाठी मिळालेले व्याज हा भरपाईचाच भाग आहे, उत्पन्न नाही.

सोलरच्या ग्राहकाने या निकालांचा आधार घ्यावा का? घेता येतो, पण शहाणपणाने. आदेश होण्याआधीच्या काळाचे व्याज ही भरपाईच आहे, असे म्हणायला चांगली जागा आहे. आदेशानंतरही विक्रेत्याने पैसे थकवले आणि त्या थकबाकीवर व्याज दिले, तर ते सरळ व्याजासारखे दिसते. रक्कम पाच-दहा हजारांची असेल तर ती विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवून मोकळे होणे सोयीचे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. वीर-महाडकडच्या बहुतेक कुटुंबांना असे व्याज दाखवूनही एक रुपया भरावा लागणार नाही.

मनस्तापाबद्दल आणि तक्रारीच्या खर्चाबद्दल आयोग जी रक्कम देतो, तीही भरपाईच असल्यामुळे करात धरायचे कारण नाही. त्रास सोसल्याबद्दलचे पैसे म्हणजे मिळकत नव्हे, हे मुंबईत पुनर्विकासाच्या प्रकरणांत अलीकडे ठळकपणे मांडले गेले. जुनी इमारत पाडून नवी होईपर्यंत बिल्डर सदनिकाधारकांना जे पैसे देतो, त्यातली गैरसोयीबद्दलची रक्कम करपात्र नाही असे मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये म्हटले, आणि पर्यायी घराच्या भाड्यापोटी मिळणाऱ्या रकमेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तशीच भूमिका घेतली. वीरमधून मुंबईला जाऊन चाळीत राहिलेल्या आणि आता पुनर्विकासात सापडलेल्या कुटुंबांना हे दोन्ही निकाल ठाऊक असायला हवेत.

आता सबसिडी. पीएम सूर्य घर योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटच्या संचाला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये केंद्राकडून थेट ग्राहकाच्या खात्यात येतात. २०१५ मध्ये सरकारी अनुदाने उत्पन्नाच्या व्याख्येत आणली गेली, तेव्हा गॅस सिलिंडरच्या सबसिडीवरही कर लागणार अशी हवा उठली होती. त्याच वर्षी सरकारने खुलासा केला, की व्यक्तीला कल्याणकारी योजनेतून मिळणाऱ्या अशा सबसिडीवर कर लावण्याचा उद्देश नाही. घरगुती सोलरची सबसिडी त्याच जातीची आहे.

गाठ पडते ती पूर्ण परताव्यात. संचाची किंमत दोन लाख, सबसिडी अठ्ठ्याहत्तर हजार, म्हणजे घरमालकाच्या खिशातून एक लाख बावीस हजार गेले. पूर्ण संच सदोष ठरून विक्रेत्याने दोन लाख परत केले, तर अठ्ठ्याहत्तर हजार जास्तीचे हातात राहतात. हा प्रश्न आयकराच्या आधी योजनेचा आहे. ज्या संचासाठी सरकारने पैसे दिले तो छतावरून उतरला असेल, तर महावितरणच्या कार्यालयाला लेखी कळवून त्या रकमेचे काय करायचे ते विचारावे. परताव्याच्या पैशांतून लगेच नवा संच बसवला, तर त्याचेही कागद जोडावेत. गप्प राहून ती रक्कम वापरणे योग्य नाही, आणि नंतर महागातही पडेल.

या भागात एक खास परिस्थिती नेहमी येते. मीटर आईच्या नावावर, पैसे भरले डोंबिवली किंवा वसईला राहणाऱ्या मुलाने, सबसिडी आली आईच्या खात्यात. विक्रेता पैसे परत करतो तेव्हा ते आईला द्यायचे की मुलाला? करापुरते पाहिले तर चिंता नाही. आई-मुलातली देवघेव नातेवाईकांतली भेट म्हणून करातून पूर्ण सुटते, रक्कम कितीही असो. पण पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत आले तर कागद बोलके राहतात. आईच्या खात्यातच यायचे असतील, तर मुलाच्या खात्यातून विक्रेत्याला गेलेल्या रकमेचा पुरावा जपून ठेवावा.

इथवरचे सगळे राहत्या घराबद्दल होते. घराला लागून धंदा आला की हिशेब उलटतो. रायगड किल्ल्याच्या वाटेवर, पाचाडच्या बाजूला, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबे आहेत. कुठे भाताची गिरणी आहे, कुठे वेल्डिंगचे दुकान. अशा व्यावसायिकाने पॅनल धंद्याच्या हिशेबात धरली असतील, तर त्यावर दरवर्षी चाळीस टक्के दराने घसारा मिळतो. म्हणजे सरकारने त्याला करात सूट आधीच दिली. आता किंमत परत आली, तर पुस्तकातली पॅनलची किंमत तेवढी कमी करावी लागते आणि पुढचा घसारा घटतो. दुरुस्तीचा खर्च गेल्या वर्षी नफ्यातून वजा केला आणि या वर्षी विक्रेत्याने तो भरून दिला, तर ती रक्कम या वर्षीच्या उत्पन्नात येते. वीज नसल्यामुळे गिरणी बंद राहिली, त्या बुडालेल्या कमाईची भरपाई मिळाली, तर ती कमाईच्या जागी आली म्हणून कमाईसारखीच करपात्र. सौराष्ट्र सिमेंटच्या निकालाने यंत्राच्या किमतीला चिकटलेली भरपाई वाचवली. रोजच्या धंद्यातून बुडालेल्या कमाईची भरपाई त्या आडोशाला येत नाही.

एकाच छतावरून घर आणि होमस्टे दोन्ही चालत असतील, तर विभागणी करावी लागते. खोल्यांच्या प्रमाणात किंवा वापरलेल्या युनिटच्या प्रमाणात, पण दरवर्षी एकाच रीतीने.

दोष यंत्राचा नसून निसर्गाचा असेल तर? हा प्रश्न महाड तालुक्याइतका कोणी सोसलेला नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पत्रे, कौले, विजेचे खांब घेऊन गेले. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. आपत्तीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेकडून व्यक्तीला वा तिच्या वारसांना मिळणारी भरपाई करमुक्त आहे. ही तरतूद २००७ मध्ये आली आणि मागच्या तारखेने, २००५ पासून, लागू झाली. तिच्यात एकच अट आहे, की त्या नुकसानाची वजावट आधी कुठे घेतलेली नसावी. घरगुती आणि धंद्याच्या सोलरमधला फरक ज्या विचारावर उभा आहे, तोच विचार इथेही आहे.

विम्याचे पैसे हा वेगळा मामला. त्याची कथा १९६६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या जस्मिन मिलमध्ये लागलेल्या आगीपासून सुरू होते. तिथे भाड्याने दिलेली वानिया सिल्क मिल्सची यंत्रे जळाली आणि विम्याचे पैसे मिळाले. त्यावर भांडवली नफ्याचा कर लावायचा खात्याचा प्रयत्न होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जळून गेलेली वस्तू कोणाला हस्तांतरित केलेली नसते, त्यामुळे भांडवली नफा होत नाही. पुढे १९९९ च्या वित्त कायद्याने ही वाट बंद केली. पूर, वादळ, भूकंप, दंगल, अपघाती आग यांत भांडवली मालमत्ता नष्ट झाली आणि विम्याचे पैसे मूळ किमतीहून जास्त मिळाले, तर तो नफा करपात्र झाला.

मग छतावरची पॅनल भांडवली मालमत्ता आहेत का? स्वतःच्या वापराच्या हलवता येणाऱ्या वस्तू, म्हणजे फ्रिज, टीव्ही, दुचाकी, या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. बोल्टने स्ट्रक्चरवर बसवलेली, काढून दुसरीकडे नेता येणारी पॅनल या गटात बसतात, असे म्हणता येते. पण १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांनी देणे बंधनकारक झालेली 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी सोलर पॅनलला इमारतीचाच भाग मानते, आणि इमारत ही भांडवली मालमत्ता आहे. व्यवहारात मात्र कर पडण्याची वेळ क्वचित येते, कारण दोन लाखांच्या संचाला विम्यातून दोन लाखांहून जास्त मिळत नाहीत, आणि नफा नसेल तिथे करही नाही. वानरांनी उड्या मारून काच तडकवली, ही या भागातली नेहमीची तक्रार. कंपनीची वॉरंटी तिला लागू होत नाही, आणि विम्यात ती येते की नाही हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावे.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी हिशेब थोडा निराळा आहे. अमेरिकेत १९४४ मध्ये रेथिऑन कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने विचारलेला प्रश्न आजही वापरला जातो: भरपाई कशाच्या बदल्यात मिळाली? किमतीच्या बदल्यात मिळालेली रक्कम तिथेही उत्पन्न नसते. पण २०२५ अखेरपर्यंत राहत्या घरावर सोलर बसवणाऱ्याला तिथे खर्चाच्या तीस टक्के करसवलत मिळत होती. म्हणून न्यू जर्सीतल्या कुटुंबाला पॅनलचे पैसे परत मिळाले, तर जास्तीची घेतलेली सवलत परत करण्याचा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये चुकीची माहिती देऊन सोलर विकल्याबद्दल मिळणाऱ्या भरपाईत व्याजाचा भाग असला, की त्यातून बहुधा वीस टक्के कर आधीच कापला जातो. दोन्ही देशांत कर शोधला जातो तो आधी मिळालेल्या सवलतीत किंवा व्याजात. किमतीच्या परताव्यात नाही.

पैसे मिळवण्याच्या वाटेबद्दल थोडे. सूर्य घर योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते, त्यामुळे पहिली लेखी तक्रार त्याच्याकडे आणि योजनेच्या पोर्टलवर करावी. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला बसतो. वीरहून अलिबाग लांब आहे, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि दूरदृश्य सुनावणीचीही तरतूद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क दिला. विक्रेत्याचे कार्यालय पुण्यात किंवा सुरतेत असले तरी अडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पावसाळ्यामागून पावसाळे 'पाहू' म्हणण्यात ती निघून जाते, हे लक्षात ठेवावे.

परतावा जीएसटी कापून दिला जात असेल तर हरकत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा दर बारा टक्क्यांवरून पाचवर आला. त्याआधी घेतलेल्या संचाचे पैसे परत करताना विक्रेता नव्या दराने हिशेब करू लागला, तर मूळ बिलावरचा कर हाच खरा. विक्रीचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट नोट काढून विक्रेत्याला तो कर वळता करून घेता येतो. ती तारीख त्याने चुकवली तर तोटा त्याचा. ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले. परतावा आणि उत्पन्न यांतला फरक तसाच राहिला आहे.

राहता राहिला आयकर खात्याचा वार्षिक माहिती अहवाल, म्हणजे एआयएस. विक्रेत्याने व्याजावर टीडीएस कापला असेल तर तो त्यात दिसतो. कधी विक्रेत्याचा हिशेबनीस गडबडीत संपूर्ण रकमेवरच टीडीएस कापून सगळे पैसे व्याज म्हणून दाखवतो. अशा वेळी घाबरून ती रक्कम उत्पन्नात धरू नये. आधी विक्रेत्याला टीडीएसचे विवरण दुरुस्त करायला लेखी सांगावे. आयकर पोर्टलवर त्या नोंदीसमोर अभिप्राय देण्याची सोय आहे, तिथे माहिती पूर्णपणे बरोबर नाही किंवा उत्पन्न करपात्र नाही, असा पर्याय निवडता येतो. मूळ बिल, बँकेची नोंद, विक्रेत्याचे पत्र किंवा आयोगाचा आदेश एवढे हाताशी असले की पुरते. आणि कापलेला टीडीएस परत हवा असेल, तर उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असले तरी त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरावे लागते.